दिनविशेष

व्हरांड्यातल्या फळ्यावर दिनविशेष मी लिहितो,
आटपाडीत आलो तेव्हापासून, बावीस वर्षं.
एक ऑगस्टला दोन फोटोंना हार.
तीन ऑगस्टला एक.
मधली तारीख मी सुविचारावर भागवायचो.

पुस्तकातली ओळ अशी होती:
‘लाखो ज्यू व इतर लोकांना ठार मारण्यात आले.’
तिच्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो.
‘इतर’वर कधीच नाही.
जुलैतला शनिवार, मेंढरांचा बाजार, निम्मा वर्ग रिकामा.
शेवटच्या बाकावरनं जमना काळेनं विचारलं,
“सर, इतर म्हंजी कोन?”

मला येत नव्हतं.
म्हणालो, सोमवारी सांगतो.

सोमवारी फळ्यावर डावीकडं आपले शब्द लिहिले,
उजवीकडं रोमांचे.
पाणी: पानी. कान: कान. नाक: नाख. माणूस: मानुष.
पोरं हसली. “सर, हे तर दिघंचीकडचं बोलणं!”
मग रक्त लिहिलं: रात.
रात्र लिहिलं: रात.
कुणी हसलं नाही,
किंवा मीच वळून बघितलं नाही.

हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच बाजूनं गेलेली माणसं,
लोहार, घोडेवाले, वाजंत्री.
गेले तिथं कुणी टिकू दिलं नाही,
आणि शेवटी एका सरकारनं त्यांची नाकं मोजली,
बोटं शाईत बुडवली,
वंशावळी लिहिल्या, अक्षर फार सुरेख.
चव्वेचाळीस सालच्या दोन ऑगस्टच्या रात्री
छावणीतला त्यांचा भाग रिकामा केला.
चार हजारांवर. म्हातारी, बाया, पोरं.
इथं खडू मोडला. दुसरा घेतला.

जमना म्हणाली,
“ठसं आमच्या पणज्याचंबी घेतल्यालं.”
झुंबऱ्या काळे. दिवसातनं तीनदा हजेरी.
रात्री चावडीसमोर उभं राहून म्हणायचं, हाय.
लेक जन्मली त्या रातीबी गेला म्हणायला.
“पर आमास्नी जाळलं न्हाई, सर. नुस्तं मोजलं.”
ते ‘नुस्तं’ तिनं कसं म्हटलं
ते मला लिहिता येत नाही.

दारात ऐवळे सर. “हे सिलॅबसला आहे?”
“नाही.”
“मग पंधरा ऑगस्टचं संचलन बसवा.”
त्यांचंही खरं होतं. पोरांचे पाय जुळत नव्हते.

रिकाम्या तासाला मी हिशेब करत बसलो.
लढाई संपल्यावर त्या देशाला सदतीस वर्षं लागली
होय, वंश बघूनच मारलं, एवढं म्हणायला.
पुढं तीस वर्षांनी राजधानीत एक तळं केलं, काळ्या पाण्याचं.
मधल्या दगडावर रोज एक ताजं फूल ठेवतात.
रोज म्हणजे कुणीतरी नेमलेला असणार,
आमच्या लिंगाप्पासारखा,
आणि तो रजेवर गेला की दुसरा.
आपल्याकडं झेंडा चढल्यावर
पाच वर्षं सोळा दिवस लागले
झुंबऱ्याची हजेरी थांबायला.
ती तारीख एकतीस ऑगस्ट.
तिच्यावरही मी बावीस वर्षं म्हणी लिहिल्यात.

दोन ऑगस्टला लवकर आलो.
फळा ओल्या फडक्यानं पुसला, वाळू दिला,
आणि लिहिलं. पाच ओळी. कुणाचा फोटो नाही.
लिंगाप्पानं विचारलं, “हार?”
मी म्हणालो, कशाला घालणार?
तो थोडा वेळ उभा राहिला, मग कालच्या हारातली
त्यातल्या त्यात बरी शेवंती फळ्याच्या कडेला ठेवून गेला.

वर्गात जमना नव्हती.
आदल्या रात्री डाळिंबाच्या बागेतली मोटर गेली होती
आणि पहिली चौकशी, नेहमीसारखी,
शुक ओढ्याच्या काठाला.
पालं उठली. तीन दगड आणि ऊन राख,
असं येणाऱ्या पोरांनी सांगितलं.

हजेरी घेताना तिच्या नावाशी आलो.
जमना काळे.
पेन तसाच धरला.
मागच्या बाकावरनं कुणीतरी, तिचा आवाज काढून,
म्हणालं, “हाय.”

चेष्टा होती का काय, मला कळलं नाही.
मी हजर लावली.